ओईटीच्या पत्रातले बारीक शब्द: माझा अनुभव

ओईटी म्हणजे परदेशात काम करू पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा; तिच्या लेखनाच्या पेपरात पेशंटबद्दल पत्र लिहायचं असतं. मी नर्स. माझे ऐकणं, वाचणं आणि बोलणं हे तीन पेपर निघाले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, वॉर्डात दिवसभर आपण तेच करतो. तिकडे नर्सची नोंदणी करणारी ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल या तिन्हींत ३५० मागते आणि लेखनात मात्र ३००. म्हणजे सवलत लेखनातच, आणि मला लेखनातच २९०! निकालात नुसता आकडा आणि ग्रेड येते. कुठे कमी पडलं, एक ओळ नाही. ज्या क्लासला भरभक्कम फी मोजली होती, तिथल्या सरांना विचारलं तर म्हणाले, ‘‘आर्टिकल कानाला कळतं, वाचन वाढवा.’’ आणि हातात भारी शब्दांची यादी ठेवली. अजून आठवलं तरी डोकं तापतं. आर्टिकल म्हणजे नामाआधीचे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’. मराठीत वाढलेल्या कानाला ‘द’ कळायचा कसा? ‘जखम कोरडी आहे’ एवढं म्हटलं की कुठली जखम, हे आपल्याकडे ऐकणाऱ्याला समजतं.

खरी गोम दाखवली ती आमच्या हॉस्टेलच्या सिनियर ताईने. ती तिकडे वॉर्डात आहे. माझी सरावाची पत्रं पाहून तिने व्हॉइस नोट पाठवली, ‘‘अगं, तू पत्र लिहीत नाहीस, हँडओव्हर देतेयस.’’ म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला देतो तशी तुटक माहिती. परीक्षेत पेशंटच्या केस नोट्स दिलेल्या असतात, आणि त्या आपल्या चार्टसारख्याच तुटक. ‘वूंड क्लीन, ड्रेसिंग ऑल्टरनेट डेज, डॉटर टू बी इन्फॉर्म्ड.’ ‘अ’ नाही, ‘द’ नाही, ‘हर’ नाही, ‘शुड’ नाही. त्यावरून साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र करायचं, म्हणजे गळलेले बारीक शब्द परत बसवायचे. नर्सला नेमकी ते गाळायची सवय असते. ही गोष्ट क्लासमध्ये पहिल्या दिवशी सांगायला हवी होती.

एक नियम मात्र पाठच करा. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं उभं राहत नाही. त्याच्या आधी अ, द, हर, धिस, ईच, काहीतरी लागतं. पहिल्यांदा सांगताना ‘अ वूंड’, पुढे तीच जखम ‘द वूंड’. आणि जागा एकच असते. आपण ‘ती माझी मैत्रीण’ सहज म्हणतो, पण तिथे ‘दॅट’ आणि ‘माय’ शेजारीशेजारी बसत नाहीत, ‘दॅट फ्रेंड ऑफ माइन’ असा वळसा घ्यावा लागतो. डायबेटिस, हायपरटेन्शन, न्यूमोनिया यांच्या आधी काही नको. पण ‘अ हेडेक’, ‘अ कोल्ड’. का, ते विचारू नका. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘इन्फॉर्मेशन’ला ना ‘ॲन’ चालतो ना शेवटी ‘स’. पेशंट म्हणून दाखल असेल तर ब्रिटिश इंग्रजीत नुसतं ‘इन हॉस्पिटल’, आणि तिथेच भेटायला गेलेल्या मुलीसाठी ‘ॲट द हॉस्पिटल’.

‘अ लिटल पेन’ म्हणजे थोडं दुखतंय, ‘लिटल पेन’ म्हणजे जवळजवळ दुखतच नाही. एका ‘अ’ने पेशंटची अवस्था बदलते!

पण मी अडकले होते ती मोडल क्रियापदांत, म्हणजे ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांसारख्या सहाय्यक क्रियापदांत. त्यांचे बाह्य नियम सोपे आहेत: पुढे क्रियापदाचं मूळ रूप, ‘शी’ असली तरी ‘स’ नाही, ‘टू’ नाही, प्रश्नात ‘डू’ची मदत नाही, आणि दोन मोडल एकत्र नाहीत. ‘विल कॅन’ होत नाही, ‘विल बी एबल टू’ होतं. हे सगळं पाठ होतं. घोळ अर्थाचा होता. आपण म्हणतो, ‘तिने ही गोळी घ्यायला नको.’ यात मनाई आहे की गरज नाही, हे आपण आवाजावरून ओळखतो. कागदावर आवाज नसतो. ‘मस्ट नॉट टेक’ म्हणजे घेतली तर धोका. ‘डझ नॉट हॅव टू टेक’ म्हणजे नाही घेतली तरी चालेल. नोट्समध्ये ‘अव्हॉइड वेट-बेअरिंग’ (पायावर भार टाळा) असेल तर ‘मस्ट नॉट’ किंवा ‘शुड नॉट’. ‘नो नीड टू फास्ट’ (उपाशी राहायची गरज नाही) असेल तर ‘डझ नॉट नीड टू’. खऱ्या वॉर्डात यांची अदलाबदल झाली तर त्रास पेशंटला होतो, म्हणून पेपर तपासणारा इथे थबकतो, असं ताईचं म्हणणं. मला पटलं.

दुसरी फजिती ‘कुड’ची. ‘काल ती दहा मीटर चालू शकली’ याचं आपण बेधडक ‘शी कुड वॉक’ करतो. पण एकदाच जमलेल्या गोष्टीला ‘वॉज एबल टू’ लागतं. नकारात मात्र ‘कुड नॉट’ चालतं. ‘मस्ट’चा भूतकाळ ‘हॅड टू’. ‘मस्ट हॅव फॉलन’ म्हणजे ‘पडलीच असणार’, हा अंदाज झाला. नुसती शंका असेल तर ‘मे हॅव फॉलन’.

आणि पत्र कोणाला जातंय ते बघा. कम्युनिटी नर्सला, म्हणजे घरी जाऊन पेशंट बघणाऱ्या नर्सला, ‘यू मस्ट चेक द वूंड’ लिहिलं तर ती आपल्या हाताखालची वाटते. आपल्याकडे ‘आपण’ म्हणून आणि ‘-वे’ लावून जो मान देतो, तो तिथे ‘कुड’ आणि ‘वुड’ देतात: ‘इट वुड बी ॲप्रिशिएटेड इफ यू कुड…’ हे एक वाक्य घोटून ठेवा. पण प्रत्येक परिच्छेदात घालू नका, लाचार वाटतं.

पुढच्या खेपेला ३४० आले. क्लासच्या यादीतला एकही शब्द पत्रात नव्हता, हे मी सरांना आवर्जून कळवलं. उत्तर आलं नाही.

अरे हो, ‘अ’ की ‘ॲन’ यासाठी शब्द मनात देवनागरीत लिहून बघा. ईसीजी, एक्स-रे, एमआरआय स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. युरिन सॅम्पल ‘य’ने, म्हणून ‘अ’. पेपर ४५ मिनिटांचा असतो आणि पहिली पाच मिनिटं फक्त वाचायची. शेवटची तीन-चार मिनिटं राखून प्रत्येक नामावर बोट ठेवा आणि त्याच्या आधी कोण उभं आहे ते बघा.