अर्जात आलेले वळिवडे

आमची शाळा युनेस्कोच्या सहयोगी शाळांच्या जाळ्यात दाखल झाल्याची बातमी मुख्याध्यापिकाबाईंनी गेल्या आठवड्यात परिपाठातच दिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पालकसभेत मात्र पहिला प्रश्न आला तो, यामुळे फी वाढणार का, हाच. फी वाढणार नाही. 1953 साली 15 देशांतील 33 शाळांना घेऊन सुरू झालेल्या या जाळ्यात आज 180 हून अधिक देशांतील सुमारे 12 हजार शाळा आहेत, आणि शांतता, जागतिक नागरिकत्व, शाश्वत विकास, सांस्कृतिक विविधता अशा विषयांवर वर्षभर काम करून त्याचा वार्षिक अहवाल पाठवणे एवढीच सदस्य शाळेकडून मुख्य अपेक्षा असते.

अर्जाचा मसुदा माझ्याकडे होता. पहिल्या खर्ड्यात मी तेच लिहिले जे कोणीही लिहिले असते: 21 सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय शांतता दिन, थर्माकोलची पांढरी कबुतरे, घोषवाक्य स्पर्धा, प्रभातफेरी. वाचून पाहिले तेव्हा माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. मूल्यशिक्षण आपल्याकडे नवे नाही. नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा यांना आपण सहज गुण देतो, पण सर्वधर्मसहिष्णुतेपाशी आलो की एक सुविचार फळ्यावर लिहून पुढच्या तासाला लागतो. 2023 च्या जूनमध्ये मोबाइलवरील स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले, आणि त्यानंतर काही दिवसांनी शाळा उघडली तेव्हा परिपाठात त्याबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. युद्धांची सुरुवात माणसाच्या मनात होते, म्हणून शांततेची तटबंदीही मनातच उभारावी लागते, असे युनेस्कोच्या 1945 च्या घटनेत म्हटले आहे. ते वाक्य अर्जात उतरवून घेताना मला तो दिवस आठवला.

दुसरा खर्डा मी वळिवड्यापासून सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले आणि इराणमार्गे बाहेर पडलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या या छावणीत राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउटची पथके होती. महावीर उद्यानातील त्यांचा स्मृतिस्तंभ आमच्या बहुतेक मुलांनी पाहिला आहे, पण तो कशाचा आहे हे नववीच्या वर्गात दोघांनाच सांगता आले. पोलिश लोक गेल्यावर फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना तीच जागा मिळाली, आणि आज आपण दिवाळीच्या कपड्यांसाठी जेथे गर्दी करतो ते गांधीनगर तेथे उभे राहिले. शाहू महाराजांनी वेगवेगळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली, हे आम्ही दर 26 जूनला भाषणात सांगतो. मात्र ज्याच्याशी आपले काही नाते नाही अशा माणसालाही या मातीने जागा दिली, ही गोष्ट भाषणात सहसा येत नाही.

हे वर्गात सांगत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती गांधीनगरची; एरवी फारसे बोलत नाही. तिचे आजोबा सहा-सात वर्षांचे असताना त्या बराकीत राहायला आले होते. दाराच्या चौकटीवर चाकूने कोरलेली अक्षरे होती, इंग्रजीसारखी दिसणारी पण इंग्रजी नव्हेत अशी. पुढे घराला रंग दिला तेव्हा ती बुजून गेली, असे आजोबा सांगतात. वर्ग एकदम शांत झाला. मग शेजारच्या मुलाने विचारले, "कोणाचं नाव होतं ते?" तिला ते माहीत नव्हते, आणि मलाही.

तो प्रश्न मी अर्जात पहिल्या प्रकल्पाचे शीर्षक म्हणून घातला. पुढच्या महिन्यात नववीचा वर्ग वळिवड्याला जाणार आहे. ती चौकट आता राहिलेली नाही. जागा दाखवायला आजोबा स्वतः येणार आहेत आणि त्यांच्यासाठी बसमध्ये पुढची, खिडकीजवळची जागा मुलांनी आत्ताच राखून ठेवली आहे.