तणनाशक मारताना थेंब नेमके पडतात कुठे? माझा अनुभव

फवारणी झाल्यावर काही दिवसांनी रानात पट्टे दिसायला लागतात, एक पट्टा पार जळालेला आणि त्याच्या शेजारचा हिरवागार, मग सगळे औषधाला नावं ठेवतात. माझं औषध नीट होतं, डोसही लेबलप्रमाणेच, म्हणून म्हटलं आधी साधं पाणी फवारून बघू थेंब जातात कुठे.

त्यासाठी वॉटर सेन्सिटिव्ह पेपर वापरला. पिवळा कागद असतो, पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा डाग उठतो. पण हातमोजे घालूनच धरायचा, नाहीतर बोटांच्या घामानेच निळा होतो, आणि दव असेल तर लावूच नका. काही कागद जमिनीवर आडवे ठेवले, काही पिकाच्या पानाखाली, काही काडीला उभे बांधले, गवताचं पान उभं असतं ना तसे. आडव्यांवर डाग मस्त, पानाखाली तुरळक, म्हणूनच तण दोन-चार पानांवर असतानाच मारायचं, पिकाने झाकून टाकल्यावर कितीही मारा. आणि उभ्या कागदांची गंमत म्हणजे फवाऱ्याकडची बाजू ठिपक्यांनी भरलेली, मागची कोरी करकरीत. गवत का वाचतं ते तिथेच कळलं.

मग नोझल. तणनाशकाला फ्लॅट फॅनच घेतलं, म्हणजे पंख्यासारखा चपटा फवारा देणारं. फवाऱ्याचा कोन ११० अंशाचा असेल तर तणाच्या वर साधारण ५० सेंमी उंची धरायची, फवारा कडेला विरळ असतो म्हणून शेजारच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा, आणि लान्स (नोझल लावलेली फवारणीची दांडी) झाडू मारल्यासारखा डावी-उजवीकडे फिरवायचा नाही, सरळ धरून एका चालीने चालायचं. नोझल जरासं पुढे कललेलं ठेवलं तर उभ्या पानांना बरं लागतं.

प्रेशर वाढवलं की कव्हरेज वाढतं असं बरेच जण सांगतात, मला नाही पटत. त्याच नोझलमधून पाणी दुप्पट हवं तर प्रेशर चौपट लागतं, आणि थेंब इतके बारीक होतात की धुकंच, ते तणावर कमी नि शेजारच्या पिकावर जास्त. त्यापेक्षा मोठं नोझल लावा नाहीतर चाल कमी करा. ग्लुफोसिनेटसारखं स्पर्शजन्य औषध जिथे पडतं तिथेच जाळतं, त्याला भरपूर पाणी आणि दाट ठिपके हवेतच. टू-फोर-डी सारखं आंतरप्रवाही असेल तर झाडात फिरतं, तिथे थेंब थोडे मोठे असले तरी भागतं.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. १०० चौरस मीटर मोजून घ्या, नेहमीच्या चालीने साधं पाणी मारा, जेवढे लिटर लागले त्याला ४० ने गुणलं की एकरी पाणी. ४ लिटर लागलं तर १६०. डोस त्या पाण्यात बसवायचा, अंदाजाने टोपण ओतायचं नाही. नोझल नव्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी सोडायला लागलं तर सरळ बदलायचं, ब्रशने घासून काही होत नाही.

आणि वाऱ्याचं, संध्याकाळी हवा अगदी पडली की लोकांना वाटतं हीच वेळ भारी, पण तेव्हा बारीक थेंब जमिनीलगत तरंगत राहतात नि कुठल्या कुठे जातात. मी हलका, एकाच दिशेचा वारा असतानाच मारतो, तोही नाजूक पिकाकडे जात नसेल तरच.