१८६३ सालचे रान

गेटिसबर्गच्या रणभूमीवरील झाडे तोडण्याचा बेत मी प्रथम वाचला, तेव्हा माझा कौल झाडांच्याच बाजूने होता. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांमधल्या यादवी युद्धातील ही लढाई झाली. त्यानंतर तेथील कितीतरी मोकळ्या जागा झाडीने भरून गेल्या, आणि १९९९ च्या आराखड्यात या रणभूमीची देखभाल करणाऱ्या राष्ट्रीय उद्यान सेवेने लढाईच्या वेळी नसलेली सुमारे ५७६ एकर झाडी काढण्याचे ठरवले. माझे मत बदलले ते एका नकाशामुळे.

२ जुलैच्या दुपारी उत्तरेच्या सैन्याचे मुख्य अभियंते जनरल वॉरन 'लिटल राउंड टॉप' या टेकडीवर चढले. टेकडीच्या पश्चिम उतारावरची झाडे आदल्याच वर्षी तोडलेली असल्यामुळे तेथून समोरचा मुलूख उघडा दिसत होता. टेकडी राखायला फौज नाही, हे ध्यानात येताच त्यांनी तातडीने कुमक मागवली. पुढे १८६८-६९ मध्ये याच वॉरन यांच्या देखरेखीखाली रणभूमीची मोजणी होऊन नकाशा तयार झाला, आणि आज कोणते झाड ठेवायचे व कोणते काढायचे हे ठरवताना तो नकाशा साक्षीला असतो. त्या उतारावर दाट रान माजले, तर वॉरन यांना काय दिसले हे आपल्याला कळणार तरी कसे?

मला मात्र सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते कुंपणांनी. नागमोडी कुंपणात लाकडी वासे टोकांवर टोके ठेवून आडवेतिडवे रचलेले असतात. त्यासाठी खड्डा खणावा लागत नाही आणि सैनिक ते हातांनी सहज उसकटू शकत. दुसऱ्या प्रकारात जमिनीत रोवलेल्या खांबांना भोके पाडून त्यांत वासे अडकवतात, आणि ते चटकन मोडत नाही. एमिट्सबर्ग रस्त्याच्या कडेला हे दुसरे कुंपण होते. ३ जुलैला दक्षिणेचे जनरल पिकेट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चढाईतील सैनिकांना गोळीबारात ते ओलांडावे लागले. कुंपणाविना ते मैदान पाहणाऱ्याला एवढी माणसे तेथेच का पडली, याचे एक मोठे कारण दिसतच नाही.

जिच्यात लढाई झाली ती पीचची बाग पुन्हा लावली गेली आणि ३ जुलै २००० रोजी खासगी मालकीचा निरीक्षण मनोरा स्फोटाने पाडण्यात आला, या दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. वास्तुकार रिचर्ड न्यूट्रा यांनी रचलेली, रणभूमीवरील पाहुण्यांसाठीची १९६२ ची इमारत २०१३ मध्ये पाडली, ते मात्र मला अजून पटत नाही. तीही तोवर इतिहासच झाली होती. शिवाय लढाईनंतर उभी राहिलेली तेराशेच्या आसपास स्मारके जागच्या जागी आहेत, म्हणजे १८६३ चे हुबेहूब दृश्य कोणालाच दिसत नाही. ती हलवावीत असे मी म्हणणार नाही, कारण कोणती पलटण कोठे उभी होती हे त्यांच्यामुळेच कळते.

आणि हे काम एकदा करून संपत नाही. तोडलेल्या जागी दर वसंतात नवे कोंब फुटतात. ते पुन्हा कापावे लागतात, आणि काही ठिकाणी तर मुद्दाम, आखून घेतलेल्या हद्दीत, गवताला आग लावावी लागते.