गळती वरच्यांची, छत आपलं

छताला ओल दिसली की पहिला सल्ला ठरलेला: वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारून टाका. मला या सल्ल्याची चीड आहे. खालून लावलेल्या रंगाने पाणी थांबत नाही, नुसता डाग झाकला जातो. पाणी स्लॅबमध्ये मुरतच राहतं, सळई गंजून फुगते आणि प्लॅस्टरचे पोपडे डोक्यावर पडतात.

आमच्या वरच्या काकू सुरुवातीला म्हणाल्या, "अहो, आमची फरशी तर कोरडी ठणठणीत आहे!" खरंच होती. मुरणारं पाणी फरशीखाली असतं, त्यांना ते दिसणार कसं? म्हणून वाद घालण्याऐवजी मी डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख टाकत गेलो. ओल रात्रंदिवस वाढत असेल तर संशय नळाच्या लाइनवर: वरचे सगळे नळ बंद करूनही मीटर फिरत असेल, तर बहुधा भिंतीतला पाइप गळतोय. आमची ओल मात्र वरच्यांच्या आंघोळी झाल्या की वाढायची. म्हणजे सांडपाणी, नाहीतर फरशीचे सांधे. काकूंनीच नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याला, बोळा लावून बाथरूममध्ये पाणी साठवलं. दिवसभर काही नाही. मग बोळा काढून लाल रंग कालवलेली बादली ट्रॅपमध्ये ओतली, आणि संध्याकाळी आमच्याकडे तांबूस थेंब! सगळी फरशी उखडायची वेळच आली नाही. ट्रॅपभोवतीच फोडून सांधा नवा केला.

डाग जिथे, गळती त्याच्या बरोबर वर असेलच असं नाही. पाणी स्लॅबवरून वाट काढत जातं, कधी दिव्याच्या पॉइंटमधूनही ठिबकतं. तसं झालं तर आधी त्या भागाचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पाडा. फॉल्स सीलिंगला पोट आलं असेल तर खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा, नाहीतर अख्खी शीट कोसळते.

वरच्यांनी बाथरूम नवीन करायला घेतलं तर एवढा आग्रह धराच: वॉटरप्रूफिंग भिंतीवरही चढवायचं आणि फरशी बसवण्याआधी किमान २४ तास पाणी साठवून बघायचं.

आणि ते गावाला जाताना मेन कॉक बंद करतात का, हेही विचारून ठेवा. वॉशिंग मशीनची नळी बंद घरात फुटली तर वाहतच राहते. किल्ली कुणाकडे असते, तेही विचारा.