बिलिंगच्या सगळ्या कॉप्या एका कोडात आणल्या, माझा अनुभव

रत्नागिरीत आमचं छोटं सॉफ्टवेअरचं काम आहे, आंबावाले, होमस्टेवाले, मच्छीवाले यांना बिलिंग करून देतो. नवीन गिऱ्हाईक आलं की जुन्याचा फोल्डर कॉपी करून त्यात बदल, असंच चाललेलं. मग 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या रूमचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला, तोही इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स वजा न करता, आणि तेच काम प्रत्येक फोल्डरात वेगळं करताना ठरवलं की आता प्रॉडक्ट लाइन करायचीच, म्हणजे सामाईक कोड एकच आणि गिऱ्हाइकागणिक फरक तेवढे वेगळे.

आधी सगळं डोमेन इंजिनिअरिंग, म्हणजे धंद्यात काय सामाईक नि काय वेगळं याचा अभ्यास करून सामाईक भाग बांधायचा, मग प्रॉडक्ट, हे मोठ्या टीमला जमतं. आमच्यासारख्यांनी एक्स्ट्रॅक्टिव्ह पद्धत धरावी, म्हणजे आहे त्या कॉप्यांतूनच सामाईक भाग बाहेर काढायचा. लॉगिन, प्रिंट, पार्टीची यादी पटापट निघाली.

अडलं राउंडिंगवर. एका आंबावाल्याकडे दलाली टक्क्यात, ती प्रत्येक ओळीला रुपयात राउंड व्हायची, दुसऱ्याकडे फक्त टोटल. जुनी बिलं सामाईक कोडातून काढली तर पहिल्याची बिलं रुपया-दोन रुपयांनी चुकायला लागली. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, त्यामुळे टॅक्सच्या नियमाकडे बोट दाखवून सुटताही येईना. त्यांच्या अकाउंटंटना विचारलं, ओळीवर राउंड मुद्दाम ठेवलंय का? आधी म्हणे दिवाळी होऊ दे, मग रिटर्न भरून होऊ दे, मग मार्च एंड. अहो, एका वाक्याचं उत्तर! लेजर, स्टेटमेंट सगळं त्या टोटलवर उभं, त्यामुळे अख्खं काम लटकलं, अजून आठवलं की डोकं तापतं. शेवटी दोन बिलं शेजारी शेजारी छापून थेट मालकांकडे गेलो. काकांनी एकदाच बघितलं, "ओळीवरच पायजे, बागवाल्यांचा हिशोब तसाच होतो." झालं! तर उत्तर मालकालाच विचारा, आणि स्क्रीन नको, कागद न्या.

मग राउंडिंग हा व्हेरिएशन पॉइंट, म्हणजे गिऱ्हाइकागणिक बदलू शकणारी जागा, केला, सेटिंगमध्ये ओळीवर किंवा टोटलवर. कोडात गिऱ्हाइकाच्या नावाचं इफ (अमका गिऱ्हाईक असेल तर असं कर) कधीच घालू नका, नाहीतर कॉप्याच परत येतात. आणि सेटिंगं वाढवतानाही हात आखडा, दहा चालू-बंद सेटिंगं म्हणजे 1024 कॉम्बिनेशन होतात, आम्ही फक्त विकलेली कॉम्बिनेशनच टेस्ट करतो. हां, जुनी खरी बिलं आधीच जपून ठेवा, आमची टेस्ट तीच आहेत.

आता दर बदलला की एकाच जागी बदलतो, याचा मला खरंच अभिमान आहे. मच्छीवाल्यांची कॉपी अजून वेगळीच ठेवलीय, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ते मोकळे असतात, तेव्हा ती घेणार.