फोटोवरून चित्र ते स्वतःचं चित्र: आमची वाटचाल

आमचा स्टुडिओ लहान आहे आणि काम एकाच गोष्टीभोवती फिरतं: डिजिटल आत्मचित्र आणि त्याला जोडून येणारं ग्राफिक डिझाइन. म्हणजे प्रोफाइलचं चित्र, व्हिजिटिंग कार्ड, पोर्टफोलिओचं मुखपृष्ठ, भिंतीवरची प्रिंट. सुरुवात 'फोटो पाठवा, चित्र घ्या' अशा कामांनी झाली. आता बहुतेक लोक स्वतःचं चित्र स्वतः काढायला येतात. आराखडा, रंग, अक्षरं आणि छपाई यांत आम्ही सोबतीला असतो.

कामाची दिशा बदलण्याचं कारण सरळ आहे. फोटोवरून गिरवलेलं चित्र हुबेहूब येतं, पण फोटोत असतं तेवढंच त्यात येतं. माणूस काय होऊ पाहतोय हे फोटोला ठाऊक नसतं. ते ठरवावं लागतं, आणि हे ठरवणं दुसऱ्यावर सोपवून भागत नाही. स्पेनच्या राजदरबारातला चित्रकार व्हेलाझ्केझ याने १६५६ साली 'लास मेनिनास' या चित्रात राजवाड्याच्या दालनात, राजकन्येच्या जवळ स्वतःला उभं केलं, हातात कुंचला आणि रंगपाटी घेऊन. त्याच्या छातीवर दिसणारा सान्तियागो पंथाचा लाल क्रूस मात्र नंतर रंगवलेला आहे, कारण तो मान त्याला १६५९ मध्ये मिळाला. क्रूस नसतानाही चित्रातला दावा स्पष्टच होता: मी या दालनातला आहे, आणि कामाच्या हत्यारासकट आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण आम्ही दाखवतो, कारण महत्त्वाकांक्षा चित्रात कशी मांडावी याचं इतकं नेमकं उत्तर क्वचितच सापडतं.

आधी प्रश्न, मग पेन

'तुमचं व्यक्तिमत्त्व कसं आहे?' हा प्रश्न आमच्या फॉर्मवर नाही. त्याची उत्तरं विशेषणांत येतात: मेहनती, शांत, हरहुन्नरी. विशेषण काढता येत नाही. म्हणून आम्ही वस्तू आणि क्रिया विचारतो. दिवसातला सगळ्यांत जास्त वेळ हातात काय असतं? पाच वर्षांनी सकाळी अकरा वाजता काय करत असावं असं वाटतं? आत्ताच्या फोटोंमधलं काय काढून टाकावंसं वाटतं? चित्र कोण बघणार आहे, आणि किती मोठं?

उत्तरांतून दोन गोष्टी निवडायच्या: एक आज हातात असलेली, एक हवी असलेली. फार तर तिसरी. त्यापुढे गेलं की चित्राचं प्रदर्शन होतं. पुस्तक, गिटार, कॅमेरा, मांजर, डोंगर सगळं एका चौकटीत येतं आणि नजर कशावरच थांबत नाही. गाळण्याचं काम काढण्यापेक्षा जड जातं, त्यामुळे पहिल्या बैठकीत संगणक बंदच असतो.

हवी असलेली गोष्ट दाखवताना हमखास होणारी चूक म्हणजे पोशाख. ज्याला वैमानिक व्हायचंय त्याने स्वतःला गणवेशात काढलं की ते स्नेहसंमेलनातलं वेषांतर वाटतं. त्याऐवजी खुणा केलेला नकाशा, पानं दुमडलेलं हवामानाचं पुस्तक, हातावर पेनाने खरडलेला आकडा. इच्छा अर्धवट अवस्थेत दाखवली की खरी वाटते, कारण ती असतेच अर्धवट. मांडणीतही हेच: आजची वस्तू शरीराजवळ, पूर्ण उजेडात, हवी असलेली वस्तू कडेला, नजर वळलीय त्या दिशेला, रंग थोडे उतरवून.

संदर्भाचा फोटो

आत्मचित्र फोटो बघून काढायला काहीच हरकत नाही, पण फोटो सेल्फी नको. नाकाचं टोक कानांच्या रेषेपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ सेंटिमीटरवर जातात, म्हणजे नाक कानांच्या मानाने १.४ पट मोठं उमटतं. तोच फोन दीड मीटरवर नेला की हा फरक जेमतेम ८ टक्के उरतो. पार्मिजियानिनो या इटालियन चित्रकाराने १५२४च्या सुमारास बहिर्वक्र आरशात बघून आत्मचित्र काढलं, त्यात पुढचा हात चेहऱ्याहून मोठा झालाय; पण तिथे तो खेळ जाणूनबुजून आहे. सेल्फीवरून काढलेल्या चित्रात तो नकळत येतो आणि 'काहीतरी चुकतंय, काय ते कळत नाही' अशी तक्रार होते.

तेव्हा मागचा कॅमेरा, दोनपट झूम, टायमर, फोन डोळ्यांच्या उंचीवर. उजेड एकाच खिडकीचा, साधारण ४५ अंशांतून. छतावरचा दिवा बंद, नाहीतर नाकाखाली दुसरी सावली पडते आणि रंगवताना कुठली धरायची ते समजत नाही. ब्युटी मोड बंद; तो त्वचा गुळगुळीत करताना गालाचे आणि कपाळाचे उतारच पुसून टाकतो.

मग आरशाचा प्रश्न. आपण स्वतःला आरशात उलटं बघून ओळखतो, त्यामुळे सुलटा फोटो अनेकांना परका वाटतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवून एक निवडायची, पण रेघ मारण्याआधी. अर्ध्या कामानंतर चित्र उलटवलं तर भांग दुसऱ्या बाजूला जातो, तीळ सरकतो, शर्टाची बटणपट्टी बदलते, छातीवरची अक्षरं उलटी होतात.

फाइल आणि लेयर

कॅनव्हास सगळ्यांत मोठ्या वापराच्या मापाने घ्यायचा. भिंतीवर ए-३ लागणार असेल तर ३०० पीपीआयला (दर इंचात ३०० पिक्सेल) ३५०८ × ४९६१ पिक्सेल. लहान काढून मोठं करता येत नाही, कडा विरघळतात. प्रोक्रिएटसारख्या चित्रकलेच्या ॲपमध्ये कॅनव्हास जितका मोठा तितके लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, कमी मिळतात, त्यामुळे आधीच हिशेब हवा. आमचा क्रम खालून वर असा: पार्श्वभूमी, सपाट रंग, त्यावर क्लिपिंग मास्क (खालच्या आकाराबाहेर रंग जाऊ न देणारी सोय) लावून मल्टिप्लाय या खालचा रंग गडद करणाऱ्या मोडमध्ये सावली, मग उजेड, मग रेषा. आजची वस्तू आणि हवी असलेली वस्तू दोन वेगळ्या ग्रुपमध्ये. हे नुसतं टापटिपीसाठी नाही. पुढे त्याचा उपयोग आहे. सॉफ्टवेअर कुठलं याला फार महत्त्व नाही. क्रिता आणि इंकस्केप फुकट आहेत आणि सुरुवातीला भरपूर पुरतात.

साम्य येतं ते डोळे-नाक सुंदर काढल्याने येत नाही, अंतरांमुळे येतं. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात, पण नवखा माणूस ते वर चढवतो, कारण कपाळ आणि टाळू त्याला 'रिकामे' वाटतात. दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण एका डोळ्याइतकं. भुवई ते पापणी आणि नाकाखालून ओठापर्यंतची जागा, ही दोन मापं चुकली की चेहरा भावासारखा दिसतो, स्वतःसारखा नाही. दर थोड्या वेळाने कॅनव्हास आडवा उलटवून बघायचा. तिरका गेलेला जबडा लगेच उघडा पडतो.

रंगाआधी तीन छटा: उजेड, मधली, गडद. सगळ्यांत वर काळ्या रंगाने भरलेला लेयर 'कलर' मोडमध्ये ठेवला की चित्र राखाडी दिसतं. तो चालू-बंद करत राहायचं. राखाडीत चेहरा पार्श्वभूमीत बुडत असेल तर रंग कितीही चांगले निवडा, उपयोग नाही.

त्वचेचा रंग

यावर आमचा सर्वाधिक वेळ जातो. सावलीसाठी तपकिरीत काळा आणि उजेडासाठी पांढरा मिसळला की त्वचा राखेसारखी होते. रंगाची जात बदलावी लागते. एचएसबीच्या, म्हणजे रंगाची जात, दाटपणा आणि उजळपणा वेगवेगळे मोजणाऱ्या पद्धतीच्या पट्टीवर सावळ्या त्वचेची मधली छटा साधारण २० ते २५ अंशांवर धरली तर सावलीत ती १० ते १५ कडे, म्हणजे लालसर बाजूला न्यायची, रंगाचा दाटपणा वाढवायचा आणि उजळपणा कमी करायचा. उजेड खिडकीतल्या आकाशाचा असेल तर कपाळावरची आणि गालफडावरची चकाकी किंचित निळसर. कपाळ पिवळट, नाक-गाल-कान लालसर, दाढी करणाऱ्याची हनुवटी करडी-निळी. हे तीन पट्टे हलके ठेवले तरी चेहऱ्यात रक्त आल्यासारखं वाटतं. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नसतो, पापणीच्या सावलीत असतो. दातांमध्ये रेषा मारू नयेत, एवढं सांगून पुढे जातो.

'थोडं उजळ करा' ही मागणी वरचेवर येते. आम्ही ती घेत नाही. मत बाजूला ठेवलं तरी तांत्रिक कारण उरतंच: त्वचा उजळ केली की डोळ्यांतली चमक, दात आणि गालावरचा प्रकाश यांना उठून दिसायला जागा राहत नाही, चित्र फिकट पडतं. उजळ हवं असेल तर पार्श्वभूमी गडद करा, चेहरा आपोआप पुढे येतो.

लहान मापात काय उरतं

प्रोफाइलचं चित्र गोलात दिसतं. चौकोनात बसवलेला गोल जेमतेम ७८.५ टक्के क्षेत्र व्यापतो, उरलेले २१.५ टक्के कोपऱ्यांसकट कापले जातात, आणि कडेला ठेवलेली हवी असलेली वस्तू नेमकी तिथेच असते. शिवाय ४८ पिक्सेलमध्ये नकाशा हा नकाशा राहत नाही, डाग होतो. म्हणून एका आत्मचित्राच्या आम्ही तीन आवृत्त्या करतो: पूर्ण चित्र, खांद्यापासूनचा गोल, आणि दोन-तीन आकारांचं चिन्ह. चिन्हात चेहरा असलाच पाहिजे असं नाही. जाड चष्मा आणि केसांची कड पुरते. ते व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांत करावं, म्हणजे कार्डावर आणि फलकावर एकच फाइल चालते.

नाव देवनागरीत असेल तर वेगळी काळजी लागते. इनडिझाइन, इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीसाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते, रफार भलत्याच ठिकाणी जातो, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. इंग्रजी अक्षरांसारखं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. पसरट नाव हवं असेल तर मुळातच रुंद फॉन्ट घ्यावा. मात्रा आणि उकार वर-खाली जातात, त्यामुळे दोन ओळींत अक्षराच्या मापाच्या निदान दीडपट अंतर हवं. मजकुराची भाषा मराठी निवडली तर सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. बऱ्याच डिझायनरांना हे माहीतच नसतं. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं टाळावीत. छपाईत भोवतालची शाई पसरून अक्षरांच्या बारीक रेषा बुजतात.

छपाई

'स्क्रीनवर छान होतं, कागदावर काळं आलं.' कारण बहुधा स्क्रीनच असते. ती पूर्ण उजेडावर ठेवून रंग निवडले जातात. रंगकामासाठी १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर उजेड आणि ६५०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, पुरेसे असतात. काम एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत करून शेवटी छापखान्याने दिलेल्या रंगांच्या प्रोफाइलवर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रंगांचा स्क्रीनवरचा अंदाज, बघायचा. विजेसारखा निळा आणि झगझगीत हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, येतच नाहीत, त्यांची आशा सोडून शेजारचे रंग मंद करावेत, म्हणजे तुलनेने ते उजळ वाटतात. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), लहान अक्षरं फक्त काळ्या शाईत. आणि पूर्ण प्रिंटआधी चेहऱ्याची एक पट्टी खऱ्या मापात, खऱ्या कागदावर. अख्खं चित्र लहान करून काढलेला नमुना रंग दाखवतो, पण ब्रशचे फटकारे आणि कडा लपवतो.

एआयची चित्रं

हल्ली काहीजण यंत्राने बनवलेलं आत्मचित्र घेऊन येतात. उजेड कुठून असावा, पार्श्वभूमी कुठली, हे चाचपायला ते उपयोगी पडतं आणि आम्हीही तेवढ्यापुरतं वापरतो. चेहरा मात्र सरासरीकडे झुकतो: नाक सरळ होतं, त्वचा मेणासारखी होते, दोन कानांत दोन तऱ्हेच्या कुड्या येतात, चष्म्याची काडी कानाआधीच संपते. त्याहून अडचणीचं म्हणजे इच्छाही तयार मिळते. शिखरावर उभा माणूस, मागे उगवता सूर्य; कोणाचंही नाव खाली घाला. अशा चित्रावर आम्ही एकच काम देतो: यातलं जे तुमचं नाही ते खोडा. जे उरतं त्यावरून फॉर्म भरायला सुरुवात होते. स्वतःचा चेहरा कुठल्या सेवेला चढवतोय आणि ती तो किती काळ ठेवते, हे मात्र आधी वाचावं.

हाती काय द्यायचं

शेवटी प्रत्येकाला लेयरसकट मूळ फाइल मिळते, सोबत पारदर्शक पीएनजी, छपाईची पीडीएफ आणि चिन्हाची एसव्हीजी ही व्हेक्टर फाइल. जेपीईजी शेवटची प्रत म्हणूनच द्यावी. ती पुन्हा पुन्हा उघडून, बदलून सेव्ह केली की दर खेपेला थोडी खराब होते. दोन वस्तूंचे ग्रुप वेगळे ठेवण्याचा उपयोग इथे होतो. हवी असलेली गोष्ट हाती आली की तो ग्रुप पुढे उजेडात घ्यायचा, रंग चढवायचे, आणि कडेची जागा नव्या वस्तूसाठी मोकळी करायची. विचार बदलला असेल तर तो नुसता बंद करायचा, पुसायचा नाही. दुरुस्तीला परत येणाऱ्या फाइलींमध्ये जास्त काम याच ग्रुपवर असतं. चेहऱ्यावर फारसं निघत नाही. निघालंच तर केस आणि चष्मा.