तीन नंबरचा प्लग

2022 च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी गॅरेजचं शटर वर करतोय तोच लाल स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 दारात येऊन उभी. मालक चार वर्षं जर्मनीत काढून पुण्याला परत आलेले, गाडी इथे आल्यावर सेकंडहँड घेतलेली. तक्रार एका ओळीची, "दादा, पहिल्यांदा मस्त खेचते आणि घाटात दोन वळणं झाली की मरते." दुसरी तक्रार मात्र मोठी होती आणि ती त्यांच्या गाडीबद्दल नव्हतीच. तिकडे मित्राची फोक्सवॅगन गोल्फ आर 300 पीएसची, म्हणजे जवळपास 300 हॉर्सपॉवरची, मेलबर्नला भाऊ आहे त्याची तीच गाडी, तेच इंजिन, पण 280 ची, आणि आपल्याकडे ती कधी विकायलाच आली नाही, मग आपल्याला कायम उरलंसुरलंच का मिळतं?

हा प्रश्न मी चौदा वर्षं ऐकतोय आणि खरं सांगतो, मलाही तो झोंबतो.

स्कॅनर लावला तर मिसफायरचे जुने कोड, बाकी काही नाही. पण बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, आकडा मूळ गाडीपेक्षा बराच वर दिसला, म्हटलं सर, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये ताकद वाढवणारी फाइल टाकलीय का? थोडा वेळ गप्प, मग म्हणाले हो, जर्मनीतल्या ओळखीच्या माणसाकडून मागवली, तिथे त्या फाइलवर गाड्या वर्षानुवर्षं चालतात, इथे एकाने लॅपटॉपवरून टाकून दिली. टाकी कुठे भरली विचारलं तर काल सोलापूरहून येताना टेंभुर्णीजवळ, साधं पेट्रोल, कारण त्या पंपावर दुसरं काही नव्हतंच.

मग आमच्या पोराला लॅपटॉप घेऊन शेजारी बसवलं आणि कात्रजचा जुना घाट धरला. बाहेर 39 डिग्री. तिसरा गिअर, 2000 आरपीएमपासून 3500 पर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे स्पीड ऐंशीच्या आतच. पहिल्या खेपेला ठीक. तिसऱ्या खेपेला आत जाणारी हवा 62 डिग्री, आणि पोरगा ओरडला, "दादा, तीन नंबर सिलिंडरचा स्पार्क नऊ डिग्री मागे!"

म्हणजे काय, तर साध्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची ताकद, तेव्हा 91, आणि ती फाइल 98 च्या पेट्रोलसाठी लिहिलेली. जास्त दाब, वर तापलेली हवा, त्यामुळे प्लगची ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप पेट घेतं, त्याला आपण नॉकिंग म्हणतो. नॉक सेन्सर ते ऐकतो, कॉम्प्युटर स्पार्क मागे खेचतो, आणि स्पार्क मागे गेला की ताकद गेली. घाटात गाडी मरत होती ती अशी.

गॅरेजला येऊन तिसरा प्लग काढला, उन्हात धरला. पांढऱ्या पोर्सिलीनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, आणि नीट बघितलं तर त्यात दोन-तीन अगदी बारीक चमकणारे कण. ते अ‍ॅल्युमिनियम, पिस्टनचं. मी प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला आणि एवढंच सांगितलं, सर, हा चमकतोय तो तुमचा पिस्टन आहे. त्यानंतर त्यांचा आवाजच बदलला. कॅमेरा आत घालून बघितलं, पिस्टनच्या कडा शाबूत होत्या, अजून एक उन्हाळा असाच गेला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

चहा घेताना मग सगळं बोलणं झालं. भावाच्या गोल्फला 20 पीएस कमी का, तर कंपनीने ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, जपान अशा देशांना गरम हवेचं ट्यूनिंग दिलं. बरं, युरोपवाल्यांना तरी सगळं मिळालं का? तीच गोल्फ आर पुढे 310 ची झाली होती, 2018 मध्ये धुराचे नियम कडक झाले, पेट्रोल गाडीलाही काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर आला आणि ती परत 300 वर आली. आणि तो फिल्टर ऑस्ट्रेलियाला देणं अवघड, कारण तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये सल्फर तेव्हा 150 पीपीएमपर्यंत चालायचं, युरोपात 10. सुबारूचं बघा, डब्ल्यूआरएक्स एसटीआयला जपानमध्ये दोन लिटरचं इंजिन, अमेरिकेत अडीच लिटरचं, कारण जपानमध्ये रोड टॅक्सची पायरी दोन लिटरवर बदलते. ब्रिटनमध्ये तर त्याच सुबारूला प्रोड्राइव्ह कंपनीचं ताकद वाढवणारं पॅक डीलर वॉरंटीसकट बसवून द्यायचे.

"मग आपल्याकडे तसं पॅक का नाही? 95 च्या पेट्रोलवर सेट करून द्या ना."

इथे मात्र मी त्यांच्याच बाजूचा. तांत्रिक अडचण काहीच नाही, आमच्या पुण्यात एआरएआयसारखी गाड्या तपासणारी संस्था बसलीय, टेस्टिंग होऊ शकतं. पण इंजिनची ताकद बदलली की सर्टिफिकेट नव्याने, धुराची टेस्ट नव्याने, आणि हा सगळा खर्च शे-दोनशे गाड्यांवर कुठली कंपनी काढणार? 2020 मध्ये ऑक्टाव्हियाचीच आरएस 245 आली ती कशी आली आठवा, पूर्ण तयार गाडी बाहेरून, फक्त 200, किंमत 36 लाखांच्या घरात, तीही वर्षाला 2500 गाड्यांपर्यंत इथली टेस्ट माफ करणारा नियम होता म्हणून. आणि 2016 ची पोलो जीटीआय, 1.8 लिटर, 192 पीएस, किंमत पंचवीस लाखांच्या वर! चार मीटरच्या आत आणि 1200 सीसीच्या आत बसली तरच पेट्रोल गाडीला टॅक्सची सवलत, ती छोटी असून सीसीवर अडली, वर इम्पोर्ट ड्युटी. हवा आणि पेट्रोल या कारणाने कमी ताकद दिली तर मी कंपनीला दोष देणार नाही, टेंभुर्णीच्या पंपावरही गाडी सांभाळली पाहिजे ना. पण निव्वळ कागदापायी चांगली गाडी अडते तेव्हा माझा खरंच जीव जळतो.

फाइल टाकणाऱ्याने मूळ फाइलचा बॅकअप ठेवला होता हे नशीब. संध्याकाळी ती परत टाकली, चारही प्लग नवे, टाकीतलं पेट्रोल मुद्दाम तेच ठेवलं आणि पुन्हा घाट. तिसऱ्या खेपेला तीन नंबर चार डिग्री मागे, पण गाडी शेवटच्या वळणापर्यंत एकसारखी खेचत राहिली. या वेळी चालवायला तेच होते. वर टपरीपाशी गाडी थांबवली, बोनेट उघडून दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिले.

निघताना जुना तीन नंबरचा प्लग मागून घेतला, रुमालात गुंडाळला. आठवड्याने फोटो आला, 95 ची टाकी भरून लॉग काढला होता, तीन नंबर दीड डिग्री. खाली लिहिलं होतं, मेलबर्नला पाठवलाय.